थोडासा व्हेंटिलेटर

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे लीलावती आगाश्यांनी, आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्यांदा विचारल्यावर घेतलेली नाही. चहा नाही, साडी नाही, आणि ऐकून आहे त्यावरून माझ्या सासऱ्यांचं स्थळही नाही. "नको, नको, कशाला उगाच," असं म्हणायचं, ताटावर हात आडवा धरायचा, आणि बोटांत मात्र एवढी फट ठेवायची की वाढणाऱ्याला श्रीखंडाचा डाव नीट उपडा करता यावा. दुसऱ्या वेळी फट थोडी मोठी होते. तिसऱ्या वेळी, "बाई, किती आग्रह करता!" म्हणून हात काढून घ्यायचा. सांगलीत ही रीत पाहुण्यालाही पाठ आणि यजमानालाही.

घोटाळा झाला तो इथे विलायतेत, वेम्बलीत. लग्न होऊन त्या इथे आल्या त्याच महिन्यात शेजारच्या मिसेस पार्करने त्यांना चहाला बोलावलं आणि लिंबाचा केक पुढे केला. सासूबाई म्हणाल्या, "नो, नो, थँक यू." मिसेस पार्कर म्हणाल्या, "राइट यू आर," आणि केक आत घेऊन गेल्या. या गोष्टीला साठ वर्षं उलटली. मिसेस पार्कर कधीच्या देवाघरी गेल्या. पण आमच्या घरात कुणी लिंबू चिरलं तरी हा विषय निघतो. "एकदा विचारलं आणि उचलून नेला हो! वरची साखर अजून ओली होती!"

माझा नवरा यतीन या केकवरच लहानाचा मोठा झाला. तो इथेच जन्मला, कौन्सिलच्या प्लॅनिंग डिपार्टमेंटमध्ये काम करतो, आणि मराठी संस्कृतीविषयी त्याला जे काही ठाऊक आहे ते निम्मं या केकमधून आलेलं आहे. म्हणून नोव्हेंबरात आई न्यूमोनियाने हॉस्पिटलात गेल्या तेव्हा जे झालं, त्याचा दोष मी त्याला देत नाही. थोडा देते.

आईंचं वय शहाऐंशी. हृदय आधीपासूनच कुरकुरत होतं, त्यात छातीत कफ भरला. अँटिबायोटिक चालू होतं, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वॉर्डमध्ये पोचलो, तर डॉक्टर विल्किन्स नावाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आमची वाटच पाहत होत्या. उंच, हळू बोलणाऱ्या, पायात पळायचे बूट. त्यांनी आम्हाला कोपऱ्यातल्या खोलीत बसवलं.

त्या म्हणाल्या, औषधाला हवा तसा गुण येत नाहीये. फुफ्फुसं थकली तर पुढची पायरी म्हणजे आयसीयू. तिथे आईंना औषधाने झोपवायचं, तोंडातून घशात नळी घालायची, आणि श्वास मशीन घेणार. या वयात, अशा हृदयाला, त्या मशीनवरून परत उतरता येण्याची शक्यता फार कमी. पण अगदी नाहीच असंही नाही, म्हणून आईंना काय हवं ते महत्त्वाचं. "त्या पूर्ण भानावर आहेत. मी सकाळी त्यांना समजावून विचारलं. त्या म्हणाल्या, नको, तुम्ही त्रास घेऊ नका."

यतीन ताठ झाला. "अगदी असंच म्हणाली? नो, नो, डोन्ट टेक ट्रबल?"

"अगदी असंच."

"आणि तुम्ही किती वेळा विचारलंत?"

"एकदा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण स्पष्ट विचारलं."

यतीनने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सरळ मिसेस पार्कर दिसत होत्या.

मग त्याने त्या बाईंचा क्लासच घेतला. आमच्यात पहिला नको हा फक्त मॅनर्सचा असतो. दुसरा नको समोरच्याची परीक्षा पाहायला. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत खरं उत्तर मिळतच नाही. विचारताना आवाजात माया पाहिजे, थोडंसं रागावलं तरी चालेल. केकची गोष्टही सांगून झाली. डॉक्टरीणबाईंनी ती सगळी ऐकून घेतली, हसल्या नाहीत. "म्हणजे मी तीन वेळा विचारायला हवं," त्या म्हणाल्या.

"विथ फीलिंग," यतीन म्हणाला.

मी त्याला अडवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, असेल बाबा, यतीनचं बरोबर असेल. त्या जाव्यात असं कुणाला वाटत होतं?

आम्ही तिघं पलंगाशी गेलो. आईंनी आम्हाला पाहिल्याबरोबर चादर सारखी केली, केसांवरून हात फिरवला आणि मास्क खाली ओढला. हा त्यांचा पाहुणे आल्यावरचा चेहरा. मला तो चांगला माहीत आहे, कारण घरात मला तो कधीच दाखवत नसत.

"मिसेस आगाशे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी सकाळचंच पुन्हा विचारायला आलेय. गरज पडली तर आम्ही तुम्हाला व्हेंटिलेटरवर ठेवावं, असं तुम्हाला वाटतं का?"

"नो, नो, डॉक्टर. यू आर सो बिझी."

यतीनने डॉक्टरीणबाईंना खुणावलं. त्या पुढे वाकल्या. "तुम्हाला हवं असेल तर आम्ही आनंदाने करू. अगदी मनापासून."

"अदर पेशंट्स आर देअर. गिव्ह टू देम."

आता यतीनला राहवेना. त्याने आईंचा हात धरला. त्याचे डोळे भरून आले होते. "आई, प्लीज. घे ना. माझ्यासाठी."

आईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, त्या बिचाऱ्या मान तिरकी करून, चेहऱ्यावर जमेल तेवढी माया आणून उभ्या होत्या. आईंची मान किंचित डावीकडे कलली. डोळे मिटले, ओठ मिटूनच हसू आलं. "बरं बाई, एवढं म्हणताय तर," त्या मराठीत म्हणाल्या, आणि मग डॉक्टरांसाठी इंग्रजीत, "ओके. जस्ट अ लिटल व्हेंटिलेटर."

यतीनने माझा दंड असा दाबला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं. मग तो इल्फर्डच्या चुलतभावाला फोन करायला बाहेर पळाला. त्याच्यामागे डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "थोडासा व्हेंटिलेटर असं काही नसतं. मी दुपारी परत येते. पण आज रात्री त्या थकल्या, तर आम्हाला त्यांचंच उत्तर धरून चालावं लागेल. ते खरं असलं पाहिजे."

माझं लक्ष मात्र त्या कललेल्या मानेत अडकलं होतं. हा हो मी ओळखत होते. तीस वर्षं ओळखत होते. तो टूथपेस्टचा हो होता.

मी दातांची डॉक्टर आहे. पुण्याहून लग्न करून आले, इथल्या परीक्षा दिल्या, आणि आता हॅरोमध्ये लोकांची तोंडं उघडून बसते. सासूबाईंचे दात पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला घेरी यायची बाकी होती. दात सगळे स्वतःचे, किडलेला एक नाही, पण हिरडीजवळ प्रत्येक दाताला खाच, सुतारानं कानशीने घासून पाडावी तशी. कारण सरळ होतं. ईलिंग रोडवरच्या दुकानातून आणलेलं लाल दंतमंजन, त्यात रेतीसारखी खर, वर कडक ब्रश आणि आडवा हात. त्यातून सकाळी उठल्याउठल्या लिंबूपाणी. आंबटाने दाताचा वरचा थर मऊ पडतो, त्याला सावरायला निदान अर्धा तास द्यायचा असतो. आमच्या आई लिंबूपाण्याचा पेला खाली ठेवायच्या आणि दुसऱ्या हाताने ब्रश उचलायच्या.

मी त्यांना मऊ ब्रश दिला, अगदी कमी खरवडणारी पेस्ट दिली, दर वाढदिवसाला नवी दिली. प्रत्येक पेस्ट किती खरवडते याचा एक आकडा असतो, तोही समजावला. "हो गं," त्या म्हणायच्या. मान डावीकडे, डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. "तुझीच वापरते आता." आणि दर सहा महिन्यांनी मी तोंडात आरसा घातला की खाचा थोड्या आणखी खोल. त्यातही डावीकडच्या जास्त, कारण उजव्या हाताने जोर लावून घासणाऱ्याच्या डाव्या बाजूलाच पहिला मार बसतो. त्या हो म्हणत होत्या आणि दात नाही म्हणत होते. दातांना भीड नसते.

आमची मुलगी तनिषा एकदा फॅशनची काळी कोळशाची पेस्ट घेऊन आली तेव्हा तर आईंना चेवच आला होता. "आम्ही कोळसा लावला की अडाणी, आणि तुमची लेक दुकानातून आणते ती मॉडर्न." त्या दिवशी मी दोघींनाही झापलं होतं.

तर आता प्रश्न असा, की या बाईकडून खरं उत्तर काढायचं कसं. प्रेमाने विचारलं तर त्या पाहुण्या होणार. पाहुणी बाई खरं बोलत नाही. त्या खऱ्या कधी बोलतात? तर माझ्याशी भांडताना. मग मी ठरवलं, भांडायचं.

लॉकरवर त्यांची प्रसाधनाची पिशवी होती. मी ती पलंगावर उपडी केली. माझी पेस्ट निघाली, खोक्यासकट, उघडलेलीसुद्धा नाही. आणि तळाशी, एका पायमोज्यात गुंडाळलेली, लाल मंजनाची डबी.

"आई!" मी आवाज चढवला. समोरच्या पलंगावरच्या बाईने पेपर खाली केला. "हे काय आहे?"

आईंनी मास्क खाली ओढला. "दिसत नाही का तुला?"

"मास्क लावा. बोलू नका."

"मग विचारतेस कशाला?"

"तीस वर्षं मी बोंबलतेय आणि तुम्ही तीस वर्षं हो हो म्हणून मला फसवताय!"

"फसवलंच," त्या म्हणाल्या. गालावर बारीक लाली आली. मध्येच श्वास घ्यायला थांबल्या. "तुला नको म्हटलं की तू तासभर व्याख्यान देतेस. हो म्हटलं की जातेस. मग काय करू?"

"दातांची चाळण झाली तुमच्या!"

"माझ्याच झाली ना? तुझ्या नाही ना झाली? अगं, ती तुझी पेस्ट तोंडात घातली की खडूचं पाणी प्यायल्यासारखं वाटतं. मंजनाने घासलं की कळतं, घासलं म्हणून." पुन्हा मास्क, दोन श्वास, पुन्हा खाली. "माझं तोंड आहे. त्यात काय घालायचं ते मी ठरवीन!"

हेच वाक्य मला हवं होतं.

मी पलंगाच्या कडेला बसले आणि आवाज खाली आणला. "आई, ती व्हेंटिलेटरची नळी कुठून घालतात, ऐकलंत ना?"

सासू असली तरी हुशार बाई. मी भांडण का उकरून काढलं ते त्यांना एका क्षणात कळलं. "लबाड आहेस," त्या म्हणाल्या.

"तुमच्याच हाताखाली शिकले. सांगा, कुठून घालतात?"

"तोंडातून."

"मग?"

त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं एकमेकांना चिकटून, मध्ये फट म्हणून नव्हती. "ती नको," त्या म्हणाल्या. एकदाच.

"मग मघाशी हो का म्हणालात?"

"यतीनचं तोंड पाहिलंस का? आणि ती डॉक्टरीण, तिसऱ्यांदा विचारत होती बिचारी. किती वेळ उभं ठेवायचं तिला?"

"आई, ते श्रीखंड नाहीये!"

"माहितीये मला. श्रीखंड असतं तर आता पहिल्यांदाच घेतलं असतं."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस फार वाईट दिसतं. त्यांनी मला माझाच रुमाल दिला. मी विचारलं, "भीती वाटते का?"

"वाटते की." त्या थोडा वेळ मास्कमध्ये श्वास घेत राहिल्या. "पण झोपवणार, नळी घालणार, मग उठवायचं की नाही ते मशीन ठरवणार. आणि बोलता येणार नाही म्हणे. मीनाक्षी, मी न बोलता कधी दिवस काढलाय का?"

"तास नाही काढलात."

"मग झालं तर."

मला फार दुःख झालं. तीस वर्षं या बाईने मला पीठ मळण्यापासून पडदे धुण्यापर्यंत टोकलं होतं, आणि त्या नसतील तर मला टोकणारं या देशात कुणी उरणार नव्हतं. हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. त्या म्हणाल्या, "पडदे तरी वेळेवर धूत जा."

तेवढ्यात यतीन कागदी कपात तीन चहा घेऊन आला. मी त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच मिसेस पार्कर.

"पण तू हो म्हणालीस, आई! मी ऐकला तुझा हो. पहिला नको तर पोलाइट होता ना? केकसारखा?"

आईंनी त्याला जवळ बोलावलं. तो उंच माणूस गुडघे टेकून पलंगाशी बसला. त्यांनी मास्क पूर्ण बाजूला केला, आणि पाहुण्यांचा चेहरा कुठल्या कुठे गेला होता.

"यतीन," त्या म्हणाल्या, "तो केक मला हवा होता रे. हे नको."

यतीनने तोंड चादरीत खुपसलं. त्याचे खांदे हलत होते. आई त्याच्या टकलावरून हात फिरवत राहिल्या, मग म्हणाल्या, "रडून घे, आणि चहा पी. गार होतोय."

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. यतीनने स्वतःच सांगितलं, अडखळत, की आईंचा सकाळचा नकोच खरा होता. बाईंनी तरी आईंकडे वळून, मान तिरकी करून विचारलं, "मी आणखी दोनदा विचारायला हवं का?"

"नो," आई म्हणाल्या. "धिस वन, ओन्ली वन टाइम."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. नळी नाही, आयसीयू नाही. औषध चालू राहील, ऑक्सिजन राहील, दम लागला तर तो कमी वाटावा म्हणून औषध देऊ, एकटं ठेवणार नाही. एकेक गोष्ट त्यांनी आईंना विचारून नक्की केली, आणि आईंनी एकेकीला सरळ उत्तर दिलं. मी त्यांना इतकी सरळ उत्तरं देताना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी बाईंनी विचारलं, "आणखी काही हवंय?"

"लेमन केक," आई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्या पळायच्या बुटांनी खरोखरच पळत गेल्या. खालच्या कॅफेतून प्लॅस्टिकच्या डब्यात एक तुकडा घेऊन आल्या, वर साखर होती. त्यांनी तो पुढे केला. "मिसेस आगाशे, केक घेणार?"

"यस," आई म्हणाल्या. पहिल्या विचारण्यात. यतीनने खुर्चीचा हात घट्ट धरला.

दोन घास खाल्ले त्यांनी, बसून, हळूहळू. बाकीचा यतीनला दिला, त्याने नको म्हटलं, त्यांनी तीन वेळा विचारलं, मग त्याने खाल्ला.

त्यानंतर त्या आठवडाभर राहिल्या आणि जवळजवळ शेवटपर्यंत बोलत होत्या. बोललेलं सगळं ऐकण्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही. तनिषाला आपल्या लुगड्यांची वाटणी सांगितली, समोरच्या पलंगावरच्या बाईला लिंबाचं लोणचं घालायला शिकवलं, आणि मी तिथे असताना नर्सला सांगितलं की माझी सून चांगली आहे पण तिचा आवाज मोठा आहे.

त्या दुपारी मात्र, केक झाल्यावर, त्यांनी जीभ दातांवरून फिरवली. तोंड आंबट झालं होतं. "मीनाक्षी," त्या म्हणाल्या, "जरा दात घासून दे गं."

मी पलंगाची पाठ आणखी सरळ केली, गळ्याखाली टॉवेल धरला. ब्रश ओला केला. माझी पेस्ट समोरच होती, खोक्यात. मी पायमोज्यातली डबी उघडली. आंबट खाल्ल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, हे मी हॅरोमध्ये आजवर हजारो लोकांना सांगितलंय.

मी थांबले नाही. चिमूटभर लाल मंजन घेतलं आणि डावीकडून सुरुवात केली, जिथे खाचा सगळ्यांत खोल होत्या.

"जोरात घास," आई म्हणाल्या.

मी जोरात घासले.